शिवांजलीचा गुडघा

फिजिओथेरपीच्या खोलीत, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन, घामाघूम होत कुणी प्रेमात पडतं का? पण आपली शिवांजली पडली बाई!

स्कूटीवरून पडल्याला वर्ष झालं होतं. हाड जुळलं, दुखणं मात्र मुक्कामालाच राहिलं. मेढ्याहून एसटीनं साताऱ्याला व्यायामाला यायची बिचारी. त्या दिवशी पाय उचलताना "आई गं" निघालंच. शेजारी खांद्यासाठी दोरी ओढत बसलेला तरुण म्हणाला, "लाजू नका. मी मगाशी आजीलासुद्धा हाक मारली."

"तुमी हात हलवा की," ती म्हणाली.

"हात हलतोय… नजर हलंना झालीया. तिला काय व्यायाम हाय का?"

ती अशी लाजली, की पाय खाली ठेवायचंच विसरली.

हा शिवतेज, साताऱ्यातल्याच एका कारखान्यात कामाला. मग काय, दोघांच्या वेळा जुळायला लागल्या. बर्फाची पिशवी देता-घेता बोटाला बोट लागायचं. पावसात दुखणं वाढायचं, तरी ती भिजत यायचीच.

दिवाळीनंतर तो आईला, साळूबाईंना, घेऊन मेढ्याला रीतसर मुलगी बघायला आला. शिवांजलीच्या आईनं आधीच बजावलं होतं, "पोराला ठावं हाय, त्याच्या आईला न्हाई. गोळी घे अन् गप पाटावर बस. जमलेलं मोडायचं न्हाईतर."

ती पाटाशी आली, जरा वाकली, आणि कळ थेट मस्तकात गेली. शिवतेज उठायला लागला… तिनं नजरेनंच त्याला थांबवलं. आज लपवलं असतं तर जन्मभर लपवावं लागलं असतं.

"मावशी, मला खाली बसता येत न्हाई. गुडघा दुखतो… पुढंही दुखंल."

तिच्या आईनं कपाळाला हात लावला. सतरंजीवर बसलेल्या साळूबाईंनी मांडीवर थाप मारली.

"आगं बया, मग मी कशाला मरतीया मगापासनं हितं मांडी घालून? संधिवात हाय मला. म्हटलं, पहिल्यांदाच आलोय, कसं सांगायचं? दोन खुर्च्या आणा आदी."

सगळं घर हसलं. शिवांजलीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, आनंदाचंच.

बोलायला म्हणून दोघांना अंगणात धाडलं. शिवतेज जवळ आला. "लय आवडतीस तू मला. एकच मागणं हाय… दुखलं की मला सांगायचं."

"मग आत्ताच सांगते. उभं राहून दुखतंय."

"चल, आत जाऊ."

"न्हाई…" तिनं त्याचा हात धरला. "थांबू की अजून थोडं."