शेवटच्या शब्दाची जागा

खिडकीजवळचे, जरा पुढे सरका. ही मोठ्यांदा सांगायची गोष्ट नाही, आणि माझ्यामागोमाग माझा आवाजही निवृत्त झालाय.

माझ्या शेजारच्या टेबलावर एकोणतीस वर्षं एक कारकून बसायचा. त्याला आम्ही आटपा म्हणायचो. खिडकीवर माणूस आला रे आला, की हा म्हणणार, "आटपा." समोरच्यानं "साहेब, माझा तो दाखला..." एवढं म्हणेपर्यंत उरलेलं वाक्य हाच पुरं करायचा. बहुतेक वेळा बरोबर. म्हणून तर ती खोड कधी गेली नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. गुरुवार, एकवीस नोव्हेंबर, रात्रीचे पावणेनऊ. आटपा इस्पितळात गेला तो पेटीसारखा वाजवायचा एक छोटा कीबोर्ड परत करायला. बायकोच्या सरावासाठी इस्पितळानं घरी दिलेला. ती जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

"आजोबा, भूत कधी येणार?"

भूत म्हणजे काय बस आहे, वेळापत्रक बघून यायला? ऐक गुमान.

बायकोला मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटेना. इस्पितळात संगीतोपचाराच्या बाई होत्या. तरुण, पण काटेकोर. त्या म्हणाल्या, "बोलण्याची वाट बुजली तरी गाण्याची पुष्कळदा उघडी राहते. घरात त्या रोज काय म्हणायच्या?"

आटपा म्हणाला, "रात्री म्हणायची, दार लावा, दिवा मालवा, आता तुम्ही झोपा."

बाईंनी त्यालाच दोन सुरांची चाल लावली. पद्धत अशी, की ओळ बाईंनी गायची, बायकोनं डाव्या हातानं टेबलावर ठेका धरायचा, आणि शेवटच्या शब्दाची जागा बाईंनी मोकळी सोडायची. "दार लावा, दिवा मालवा, आता तुम्ही..." मग गप्प. मनात दहापर्यंत मोजायचं. तो शब्द तिनं भरायचा.

महिन्याभरात तिचे आवळलेले खांदे सैल पडले. रात्रीची झोप सुधारली. ठेका पक्का झाला, ती गुणगुणायलाही लागली. शब्द तेवढा यायचा होता.

घरचा सराव आटपाकडे. आता दहापर्यंत मोजायचं! या माणसानं उभ्या जन्मात कुणासाठी तीनपर्यंत मोजलं नव्हतं. बायकोचे ओठ हलायचे, गळ्याची शीर ताणली जायची, की हा म्हणायचा, "झोपा! झोपा म्हणायचंय ना?" ती तोंड मिटून भिंतीकडे बघायची.

इस्पितळातही तेच. बाई चिडायच्या, "काका, आजारी कोण आहे? तुम्ही की त्या?"

"अहो, मी मदत करतोय."

"मदत नाही, त्यांचा शब्द हिसकावताय तुम्ही."

आठ महिने असे गेले. दुसऱ्या झटक्यात ती गेली. एकही शब्द न बोलता. तो शब्द यायच्या बेतात होता आणि आपणच तो अडवला, असं आटपाच्या मनानं घेतलं. त्याला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, तिचा आवाज ऐकायचा होता. घरी आता नळाच्या थेंबाशिवाय बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

तर त्या रात्री. बाई सहालाच गेल्या होत्या. शिपाई म्हणाला, "आत ठेवा ना काका. निघताना दार ओढून घ्या."

खोलीत एक बुटकं टेबल, दोन खुर्च्या, फळीवर खुळखुळे. एका बाजूला पातळ लाकडी भिंत, तिच्यापलीकडे पुरुषांचा वॉर्ड. आटपानं कीबोर्ड टेबलावर ठेवला. वस्तू चालू आहे हे बघूनच परत करायची, ही नोकरीतली शिस्त. म्हणून एक पट्टी दाबली.

नेमका तिच्या चालीचा पहिला सूर.

आटपा बसला. घसा खाकरला. हलकेच म्हणाला, "दार लावा... दिवा मालवा... आता तुम्ही..."

आणि मोजू लागला. आयुष्यात पहिल्यांदा, प्रामाणिकपणे, दहापर्यंत.

काही नाही. पलीकडे कुणीतरी खोकलं.

पुन्हा म्हटलं. पुन्हा दहा. ट्यूबलाइटची घरघर. समोरची खुर्ची रिकामी.

तिसऱ्यांदा.

"दार लावा... दिवा मालवा... आता तुम्ही..."

एक. दोन. तीन.

चारला ठेका आला. टेबलावर. बोटांचा... मंद.

आटपाचे हात मांडीवर होते. दोन्ही.

पाच.

सहा. समोर कुणीतरी श्वास घेतला. मोठा... कष्टाचा... बोलण्याआधी घेतात तसा.

आटपाच्या जिभेवर 'झोपा' आलं. त्यानं दात आवळले. शब्द गिळला.

सात...

आठ...

नऊ...

"...थांबा."

तिचाच आवाज. घोगरा, पण सुरात.

झोपा नव्हे. थांबा. आठ महिने जो शब्द आटपा तिच्या तोंडात कोंबत होता, तो तिला म्हणायचाच नव्हता.

तो थांबला. सकाळी आठला बाई आल्या, तेव्हा त्याच खुर्चीत. ताठ. जागा. बाईंनी पाणी दिलं. "चला काका, घरी सोडते," म्हणाल्या.

दोघं वॉर्डातून निघाले. त्या लाकडी भिंतीलगतच्या खाटेवर एक सुतार होता. वर्षभर वाचा गेलेला. दोनच दिवसांपूर्वी आणलेला. बाईंनी अजून त्याला एक सूरही शिकवला नव्हता. या दोघांना जाताना पाहून त्यानं डावा हात खाटेच्या दांडीवर आपटला. पुन्हा आपटला. ठेक्यात. आणि गाऊ लागला...

"दार लावा, दिवा मालवा, आता तुम्ही..."

तो गप्प झाला. बाई जागीच उभ्या राहिल्या. आटपाही.

"...थांबा."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या आटपाकडे वळल्या. "रात्री तुमचं ऐकलेलं दिसतंय यांनी. पण शब्द वेगळा म्हणालात तुम्ही. आपला तर 'झोपा' होता ना?"

आटपा त्या लाकडी भिंतीकडे वळून बघू लागला. त्यानं तर त्या रात्री शेवटचा शब्द उच्चारलाच नव्हता.

सुतार पुढे घरी गेला. त्या ओळीपलीकडे दुसरा शब्द त्याला आजवर फुटलेला नाही.