कान तुटलेला बुरूज

यागोदा चुकीच्या दारातून आत शिरली आणि तिच्या कोपराचा धक्का लागून अख्खं जंगल आडवं झालं.

"बावीस झाडं!" टेबलापलीकडून आवाज आला. "तीन आठवडे खपलो होतो हो मी!"

"अगं बाई... माफ करा हं. मी मातीकामाच्या वर्गाला आले होते."

"तो वरच्या मजल्यावर. इथं फक्त युद्धं होतात." तो हसला. "मी तिमोन. बसा आता, झाडं लावायला मदत करा."

पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरातल्या त्या सांस्कृतिक भवनाच्या तळघरात तिमोन दर बुधवारी टेबलावर लढाया मांडायचा. पुठ्ठ्याच्या टेकड्या, बोटभर उंचीचे रंगवलेले सैनिक आणि फासे. यागोदाला हसूच आलं. तीही लढायाच मांडायची, पण पडद्यावर. व्हिडिओ गेमसाठी रणभूमीचे नकाशे बनवणं हे तिचं काम होतं. आणि सध्या ते काम तिच्या हातून निसटायला आलं होतं.

"सगळे खेळाडू टेकडीवर चढतात आणि तिथंच ठाण मांडतात," झाडं उभी करता करता ती म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी चाचणी आहे. नकाशा पडला, तर मला मेनूची बटणं रंगवायला बसवणार आहेत!"

"मग त्यांना खाली उतरायला कारण द्या की." तिमोननं दरीत एक काडेपेटी ठेवली. "ही मिठाची गाडी. सहा डावांत होडीपर्यंत न्यायची. टेकडीवर बसलात, तर गाडी गेली!"

ती खेळली आणि सपाटून हरली. सैनिकांची चाल मोजायच्या पट्टीवर त्यांची बोटं दोनदा एकमेकांना लागली... दुसऱ्यांदा कुणीच घाईनं हात मागे घेतला नाही. मग तिला एकदम काहीतरी सुचलं. खुर्चीवर चढून तिनं वरून टेबलाचा फोटो काढला आणि पर्स उचलून पळालीच.

"अहो, पण—" तिमोन म्हणेपर्यंत ती जिना चढून गेलीसुद्धा.

चाचणी झाली आणि नकाशा लोकांनी डोक्यावर घेतला. सोमवारी तिनं तिमोनला ऑफिसात बोलावून पडद्यासमोर बसवलं. दरी होती, गाडी होती, होडी होती. तो लहान मुलासारखा बघत होता. अचानक तो थांबला.

"हा बुरूज कुठला?"

"तुमचाच की! फोटोत होता. सगळ्यांना तोच सगळ्यात जास्त आवडलाय. वरच्या लाल पाण्यात लपून बसतात मेले."

तिमोन हसायला लागला तो थांबेचना. "यागोदा... तो माझा मग आहे. कान तुटलेला. आणि ते पाणी नाही, रासबेरीचा रस घातलेला चहा आहे."

यागोदानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "पण लढाईच्या टेबलावर चहा कसा?"

"कधीच ठेवत नाही. सांडला तर सैनिकांचे रंग जातात." तो जरा घुटमळला. "तुमच्यासाठी केला होता. द्यायला आलो, तर तुम्ही खुर्चीवर चढलेल्या. खुर्ची डुगडुगत होती... ती धरायची, तर हात मोकळे हवेत ना."

यागोदाला ते कळलंही नव्हतं. आपण पडू नये म्हणून कुणीतरी खाली उभं होतं, या विचारानं तिला गलबलून आलं.

"आवडता तुम्ही मला," तिमोन एका दमात बोलून गेला. "जंगल पाडलंत तेव्हापासून."

तिनं पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर मिठाची गाडी होडीपाशी पोहोचली.

"बुधवारी काय मांडणार आहेस?" तिनं विचारलं.

त्या 'आहेस'नं तिमोनचे कान लाल झाले. "तू म्हणशील ते."

"मग काहीच मांडू नकोस. नुसता चहा कर, दोन मग. या वेळी तो संपवल्याशिवाय मी कुठंही पळणार नाही." ती त्याच्याकडे झुकली. "आणि कान तुटलेला मग माझा हं!"