बर्फाचं निमित्त

तिच्या पत्राला त्याने वर्षानुवर्षं उत्तर पाठवलं नाही. पत्र छोटंसं होतं, आणि शेवटच्या ओळीत तिने त्याला पळवाटच ठेवली नव्हती. 'येणार असाल तर हो लिहा, नसाल तर नाही. मधलं काही लिहू नका. मधलं तुम्ही फार बोलता.' हो लिहायला एक कागद लागतो आणि थोडी छाती. कागद त्याच्याकडे होता.

ओळख झाली ती बर्फावरून. त्याची प्रयोगशाळा आणि तिचं हॉस्पिटल यांच्यामध्ये एक फरसबंद आवार होतं. त्या दुपारी तिरपा पाऊस लागला होता. प्रयोगशाळेचं दार खांद्याने ढकलून एक तरुण डॉक्टर आत आली. कपाळाला चिकटलेले ओले केस, छातीशी धरलेला थर्माकोलचा डबा.

"बर्फ आहे का हो? आमचं मशीन बसलंय. पेशंटच्या रक्ताचे नमुने आहेत, तापले तर मुसळ केरात!"

त्याने वर न बघताच बोट दाखवलं. मग काय वाटलं कोण जाणे, उठला आणि स्वतःच बर्फ भरून दिला. इतका, की झाकण लागेना.

"नमुन्यांना थोडी जागा ठेवा की," ती हसली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मग येतच राहिली. त्याला 'बर्फवाले' हे नाव तिनेच पाडलं.

ती रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात होती, आणि तो त्याच आजारातल्या एका प्रोटीनच्या मागे लागला होता. पेशीची राखण करणारं प्रोटीन. पेशी बिघडली की तिला थांबवायचं, नाहीतर संपवायचं, हे त्याचं काम. काही पेशंटांत या राखणदारातच खोट निघते, आणि कॅन्सरला रान मोकळं मिळतं.

"पण त्याला झालंय तरी काय?" टेबलाला टेकत तिने एकदा विचारलं.

"एका जागी खळगा पडलाय. गारठ्यात ठीक असतं, ताठ उभं राहतं. पण अंगाच्या उबेला आलं, की..."

"की?"

"कोसळतं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. तो कानापर्यंत लाल झाला, आणि हातातली काचेची नळी खाली पडून फुटली.

"अगं बाई! हे तर ओळखीतलंच कुणीतरी निघालं!"

काचा वेचायला दोघंही वाकले. तिच्या बाहीला पावसाचा वास होता.

"आणि... औषध?" तिने हळूच विचारलं.

"त्या खळग्यात नेमका बसेल असा एखादा छोटासा रेणू. पाचर मारतात ना, तसा. तो बसला की हे उबेतही उभं राहील. राहायला हवं. म्हणजे — अजून राहिलेलं नाही."

"लवकर शोधा," ती म्हणाली. चेहऱ्यावरची मस्करी मावळली होती. "माझ्याकडच्या माणसांना थांबायला वेळ नसतो हो, बर्फवाले."

पाऊस सरला, थंडी पडली. एका सकाळी ती आली आणि डब्यावर नुसतीच बोटं वाजवत उभी राहिली.

"मी जातेय. दूरच्या हॉस्पिटलात जागा मिळाली."

"अस्सं..." तो बोलायला गेला एक, आणि निघालं भलतंच. "तिथे बर्फाची सोय आहे ना?"

"आमचं मशीन पहिल्याच आठवड्यात दुरुस्त झालं होतं."

"मग रोज बर्फ कशाला न्यायचात?"

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने कपाळाला हात लावला. तिने डबा त्याच्यासमोर ठेवला. "करा विचार. हुशार आहात म्हणे."

त्याच्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा आवार रिकामं होतं. महिन्याभराने पत्र आलं. ते वाचून तो हरखला, आणि लगेच घाबरलाही. रिकाम्या हाताने कसं लिहायचं? आपल्यात असं आहे तरी काय? तो रेणू सापडू दे, प्रोटीन उबेत उभं राहू दे, मग दोन्ही बातम्या एकदमच कळवू. रेणू एकामागून एक हरले. उशीर झाला की लाज वाटते, आणि लाजेपायी आणखी उशीर होतो. केस पिकले, नोकरी संपली, पत्र पुस्तकात राहिलं.

परवा पुतणी आली. तीही त्याच वॉर्डात डॉक्टर.

"काका, तुमच्या त्या खळग्यात बसणारं औषध आलंय! चाचणीतलं आहे अजून. सगळ्यांना लागू पडत नाही, पण आमच्या एका आजोबांना पडलं. काल स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत गेले, आणि चहा गार दिला म्हणून माझ्यावरच ओरडले!"

"उभं राहिलं? उबेत?"

"राहिलं."

"कुणी... शोधलं?"

"खूप जणांनी मिळून. तुम्ही नाही." मग त्याचा चेहरा बघून ती ओशाळली.

पण त्याला हेवा वाटला नव्हता. तो मोजत होता तो उशीर — प्रोटीनचा नव्हे, स्वतःचा. मग तो म्हणाला, "तुमच्या वॉर्डात पूर्वी एक डॉक्टर होत्या. बर्फ न्यायला यायच्या..."

"ती गोष्ट? अहो, ती अजून सांगतात आमच्याकडे! मशीन चालू, आणि बाई पावसात डबा घेऊन —" पुतणी थबकली. "काका! ते बर्फवाले तुम्ही?"

त्याने चष्मा पुसायला घेतला.

"आमच्या मोठ्या मॅडम त्यांच्याच विद्यार्थिनी. पत्ता मिळेल."

"त्यांचं... म्हणजे घरी कुणी..."

"तेवढं तुम्हीच विचारा. सगळं मीच आणून दिलं तर तुम्ही काय करणार?"

पहिल्या कागदावर मधलंच सगळं उतरलं. तो फाडला. दुसराही फाडला. शेवटी एवढंच राहिलं :

'हो. तेव्हाही हेच होतं. प्रोटीन उबेत उभं राहिलं, माझ्या हातून नव्हे. त्याच्यासाठी थांबायला नको होतं.'

दुपारी ऊन कडक होतं. टपालपेटीचा पत्रा तापला होता. हात टेकताच चटका बसला. तरी त्याने हात काढला नाही. तसाच उभा राहिला, आणि पाकीट आत सोडलं.