दोरीच्या टोकाला

वरच्या गावची वरात खाली आणायची होती, म्हणून लाम्ब्रोस सकाळीच रिकामा डबा घेऊन निघाला. या दरीत चढावर इंजिन मागे आणि डबा पुढे. इंजिन आपलं दातेरी चाक रुळांमधल्या पोलादी दात्यांत रुतवत, कटकट करत चढतं. ड्रायव्हरला पुढचं काही म्हणता काही दिसत नाही. डब्याच्या पुढच्या टोकाला उभा असलेला माणूस दोरी ओढतो आणि इंजिनातली घंटा वाजते. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आज दोरीपाशी त्याचाच पोरगा होता, फोटिस.

धुकं असं उतरलं होतं की समोरचा डबासुद्धा धड दिसेना. ओल्या दगडांचा आणि कोळशाचा वास नाकात बसला होता.

टण.

लाम्ब्रोसने ब्रेक आवळला. फोटिस रुळाच्या कडेने मागे आला.

"दरड पडलीय बाबा. दात्यांत दगड अडकलेत, काढतो मी. तुम्ही नका उतरू, तुमचे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांचं मी बघतो. आटप लवकर, नाहीतर नवरी चालत येईल खाली!"

पोरगा हसत धुक्यात शिरला. थोड्या वेळाने दगड गडगडू लागले.

टण टण.

सवय वाईट बघा. हात आपसूक ब्रेकच्या दांड्याकडे गेला... आणि तेवढ्यात पुढे आणखी एक दगड गडगडला. पोरगा अजून रुळावरच होता! मग दोरी कोणी ओढली?

लाम्ब्रोसने हात झटकन मागे घेतला. याच वळणावर त्याच्या बापाच्या गाडीखाली तेव्हाचा दोरीवाला कोस्मास चिरडला गेला होता, असाच दगड काढताना. "दोन टोले ऐकले मी, देवाशपथ," असं बाप मरेपर्यंत सांगत राहिला. लोक म्हणायचे, "बाटली वाजली असेल!" लाम्ब्रोसही त्यांच्यात हसायचा.

टण टण.

त्याने सुरी काढली आणि घंटेपाशी दोरी कापली. कापलेलं टोक मुठीत धरून तो खाली उतरला.

"फोटिस... अरे, ये आधी इकडे!"

नुसती वाफेची फुसफुस. मग चिखलाने माखलेला पोरगा धुक्यातून बाहेर आला.

"झालं की. आणि हे काय, पांढरेफटक पडलात!"

"घंटा... तू वाजवलीस?"

"मी? मी तर दगडांत होतो."

लाम्ब्रोसने त्याला एका हाताने घट्ट छातीशी धरलं. बापाची माफी मागावी असं त्याला फार वाटलं.

तेवढ्यात दुसऱ्या मुठीतली दोरी डब्याच्या बाजूने हलकेच ताणली गेली. एकदा. आणि पुन्हा एकदा.