काचेपलीकडचा कानसेन

दाढदुखी घेऊन आलेल्या माणसाच्या प्रेमात पडू नये. एक तर तो स्वतःच्याच दुःखात असतो, आणि सूज उतरेपर्यंत तो दिसतो कसा हेही कळत नाही.

हे मला ताईनं सांगितलं. पण नंतर. तोवर उशीर झाला होता.

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायचे. दिवसभराची माझी वाक्यं ठरलेली. आज गरम काही खाऊ नका. कापूस अर्ध्या तासानं काढा. घाबरू नका, कळणारसुद्धा नाही. त्या दिवशी एक उंच माणूस गालाला रुमाल लावून समोर उभा राहिला, तेव्हा मी मान वर न करताच म्हटलं, "बसा, शांत बसा, सहावा नंबर तुमचा."

तो बसला नाही.

"फरत एखदा," तो म्हणाला. एक गाल चेंडूसारखा फुगला होता.

"काय?"

"हे वाख्य... फरत म्हणा."

ऐकू आलं नसेल बिचाऱ्याला, म्हणून मी आवाज चढवला. त्यानं घाईघाईनं हात हलवला.

"ओरडू नखा. मघासारखं."

मी मघासारखं म्हटलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं, आणि दाढ ठणकत असतानाही त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की बाकावरचे बाकीचे पेशंट माझ्याकडे बघायला लागले.

"तुमचा 'स' शिट्टी मारत नाही," तो म्हणाला, आणि जाऊन बसला.

दाढ काढून बाहेर आला तेव्हा तोंडात कापूस. बोलायची सोयच नव्हती. खिशातून एक कार्ड काढून त्यानं माझ्यासमोर ठेवलं, आधी माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे, आणि निघून गेला. कार्ड एका स्टुडिओचं होतं. तिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत असत.

दोन दिवसांनी स्टुडिओच्या मालकीणबाईंचा फोन आला. त्यांची नेहमीची वाचणारी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती आणि एक कादंबरी अर्ध्यावर नव्हे, पहिल्या पानावरच अडली होती. "आमचा कानसेन म्हणतो तुम्हीच वाचायची," त्या म्हणाल्या. "गाणारा तो तानसेन, ऐकणारा तो कानसेन. त्याचं खरं नाव आता त्याच्या आईलाच आठवत असेल. या तर खरं."

मी गेले. दवाखाना सुटला की संध्याकाळी जायचं ठरलं.

गादीसारख्या भिंतींची एक बारकी खोली, त्यात मी, माइक आणि पुस्तक. समोर जाड काच. काचेपलीकडे तो, कानांवर हेडफोन, जरासा तिरका बसलेला. त्यानं बटण दाबलं की त्याचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये यायचा. ओठ हलायचे तिकडे, दहा हातांवर, आणि शब्द मात्र माझ्या कानाच्या आत उमटायचे... पहिल्या दिवशी मी दचकले. नंतर दचकायचं थांबले, पण सवय म्हणाल तर ती कधीच झाली नाही.

कादंबरी एका बाईची होती, तिच्याच तोंडून सांगितलेली. नदीकाठी तिचं भाडेकरू ठेवायचं घर. एक पाहुणा तिथे राहतो, तिचा जीव त्याच्यावर जडतो, आणि एके सकाळी तो न सांगता निघून जातो. 'तो न सांगता गेला' हे वाक्य ती पुनःपुन्हा म्हणते. पहिल्यांदा आलं तेव्हा मी गळा दाटून वाचलं. मलाच भारी वाटलं.

बटण दाबलं गेलं.

"रडू नका."

"अहो, तो गेलाय ना तिला टाकून!"

"असं ती म्हणतेय. तुम्ही शेवट वाचलात?"

वाचला होता. शेवटी कळतं की दार तिनंच लावून घेतलं होतं.

"मग? खोटं बोलणारा माणूस खोट्याच्या जागी रडत नाही. उलट तिथे तो जास्त स्पष्ट बोलतो. पाठ केलेलं असतं ना... सरळ वाचा."

मी सरळ वाचलं. आणि माझ्याच अंगावर काटा आला.

त्या स्टुडिओत एक दोष होता. बाहेरच्या बोळावर पत्रा होता, आणि पाऊस जोराचा आला की पत्र्याचा ताशा माइकमध्ये शिरायचा. रेकॉर्डिंग बंद. मग आम्ही दोघं बोळाच्या तोंडाशी चहाचे कप घेऊन पाऊस थांबायची वाट बघत बसायचो. तो नेहमी मला उजव्या हाताला बसवायचा. डावीकडे मी बसले की उठून फिरून यायचा. मला वाटे, असतात एकेकाच्या तऱ्हा.

"ते 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' किती वेळा वाचायचं हो?" एकदा मी कुरकुरले. "जीभ झिजली माझी."

"ते हॉटेलातल्या वेटरसारखे शब्द आहेत. ताट ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. चांगला असेल तर त्याचा चेहरा आठवत नाही."

"आणि वाईट असेल तर?"

"तर तो तुम्ही काल वाचलात तसा, 'ती म्हणा-ली!' टाळ्यांची वाट बघत उभा राहतो."

"बरं बरं. एवढे कान आहेत तर वाचा की तुम्हीच."

"माझा 'स' शिट्टी मारतो," तो गंभीरपणे म्हणाला. "आख्खं पुस्तक ट्रॅफिक हवालदारानं वाचल्यासारखं वाटेल."

मी हसले, तर चहा सांडला. त्यानं रुमाल पुढे केला. रुमालाला कापराचा वास होता.

एकदा तिसऱ्या प्रकरणावरून भांडण झालं. त्यात ती बाई दाराच्या कडीला तेल घालते. मी ते वाक्य अगदी जपून, हळू वाचलं.

"कडीला एवढा भाव देऊ नका," कानात आवाज. "ऐकणाऱ्याला आत्ताच कळेल, पुढे दाराचं काहीतरी आहे."

"पण आहेच ना! म्हणून तर लेखकानं आधीच पेरून ठेवलंय."

"पेरलेलं झाकतात, की वर झेंडा लावतात?"

मला राग आला, आणि रागातच कडीचं वाक्य सहज वाचून टाकलं. काचेपलीकडून त्यानं अंगठा उंचावला. छे! असल्या माणसाशी नीट भांडतासुद्धा येत नाही.

पण एक जागा अशी होती की तिथे तो अडला आणि मी सुटले. बाई म्हणते, 'किती वेडी होते मी तेव्हा.' मी चार तऱ्हांनी वाचलं. त्याला एकही पटेना, आणि का पटत नाही ते सांगता येईना.

"यात दोन 'मी' आहेत," मी शेवटी म्हटलं. "एक वेडी होती ती, आणि एक आज सांगतेय ती. तुम्हाला आजची हवीय. पण मला वाटतं, आजचीला त्या वेडीचा हेवा वाटतोय."

त्यानं समोरच्या प्रतीत ते वाक्य पुन्हा वाचलं. मग बटण दाबून हळूच म्हणाला, "तसं वाचा."

मी तसं वाचलं. काचेतून तो माझ्याकडे बघत होता. मी पुस्तकात बघत होते, आणि तरी तो बघतोय हे मला माहीत होतं.

घरी ताई आली होती. मी आईला कांदा चिरून देताना कडीचं, वेटरचं, दोन 'मीं'चं सगळं सांगत सुटले. ताईनं आईकडे पाहिलं, आईनं फोडणीकडे.

"अगं, ऐकणाऱ्यांना पहिल्या पानावरच कळलंय," ताई म्हणाली. "नायिकेलाच पत्ता नाही."

"काय कळलंय?"

"काही नाही. चीर तू. कांदाच आहे ना, पाणी येतंच डोळ्यांना."

तिच्या त्या बोलण्यानं माझी झोप उडाली. पुस्तक संपत आलं होतं. एकच प्रकरण उरलं होतं. ते झालं की मी परत 'घाबरू नका, कळणारसुद्धा नाही' म्हणायला मोकळी. आजवर माझ्या तोंडून आलेली बहुतेक वाक्यं दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली होती, डॉक्टरांनी नाहीतर लेखकानं. एक तरी वाक्य माझं मी बोलायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी काम संपवून निघालो तर पाऊस. एकच छत्री. रोजच्यासारखा तो मला उजवीकडे घेऊन चालला होता, पण पुढे फूटपाथ उकरून ठेवलेला, उजवीकडे सगळा चिखल. मी उडी मारून त्याच्या डावीकडे आले. छत्रीवर थेंबांचा आवाज, त्याच्या शर्टाची ओली बाही माझ्या कोपराला लागलेली. आता नाही तर कधीच नाही.

"पुस्तक संपलं ना... तरी मला तुमच्याकडे यायचंय," मी समोर बघत म्हटलं. "वाचायला नाही. नुसतंच. तुमच्यासाठी."

तो चालत राहिला. चार पावलं, आणखी चार पावलं.

"ती बघा," तो म्हणाला, "तुमची बस."

बसमध्ये खिडकीशी बसले. त्यानं हात केला. मी केला नाही.

"आवाज बसलाय का गं तुझा?" आईनं विचारलं. मी नाही म्हटलं आणि पांघरूण ओढून घेतलं. नकार दिला असता तर मी सोसला असता. पण ऐकून न ऐकल्यासारखं करावं? एवढं तरी मोल नव्हतं का माझ्या वाक्याला?

शेवटचं प्रकरण मी एकही चूक न करता वाचत गेले. दगडावर कोरल्यासारखं. शेवटचं पान उरलं तेव्हा बटण दाबलं गेलं.

"चूक काहीच नाही. पण... तुम्ही कुठे आहात आज?"

"माइकसमोर."

तो काचेपलीकडून उठला आणि दार उघडून आत आला. माइकचा स्टँड जरा सैल झाला होता, तो वाकून त्याचा स्क्रू आवळायला लागला. त्याची पाठ अर्धवट माझ्याकडे, डावा खांदा माझ्या हाताजवळ, उजवा कान भिंतीच्या गादीत दाबलेला.

"नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचंत," मी हळू, पण स्वच्छ म्हटलं. "बस कसली दाखवता?"

तो स्क्रू आवळत राहिला.

"ऐकताय का?"

काही नाही.

"कानसेन..."

त्यानं शेवटचा पीळ दिला, वळला, आणि मोकळं हसला. "झालं. वाचा आता."

टाळाटाळ करणारा माणूस तसं हसत नाही. आणि ती खोली अशी होती की पान उलटलं तरी मोठा आवाज व्हायचा. मी उठले. त्याला वळसा घालून उजव्या बाजूला गेले.

"तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही?"

त्याचा चेहरा एकदम उतरला.

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. आत्ता."

तो माझ्या स्टुलावर बसला. मागच्या वर्षी ताप आला होता, म्हणाला. ताप उतरला आणि सकाळी डावा कान दिवा विझल्यासारखा बंद. डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली, परत आला नाही. पुस्तकांच्या कामाला अडत नव्हतं. पण रविवारी वाद्यवृंद यायचे रेकॉर्डिंगला. कोण डावीकडे वाजतंय, कोण उजवीकडे, ते तो यंत्रावरचे दिवे बघून आणि जुन्या सवयीनं जुळवत होता. मालकीणबाईंना पत्ता नव्हता. "साउंडवाला आणि एका कानाचा! कोण ठेवेल? म्हणून काही झालंच नाही असं वागत राहिलो. इतकं सराईत, की मलाही ते खरंच वाटायला लागलं." तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "तुम्हाला वाटलं असेल, खोटं बोलणारी कशी वाचायची हे याला कुठून कळतं..."

मला त्याचा राग आला होता, आणि त्याच वेळी मनावरचं केवढं मोठं ओझं उतरलं होतं. दोन्ही एकदमच.

"काल पावसात," मी म्हटलं, "मी तुमच्या डावीकडून काहीतरी बोलले होते."

"काय?"

मी तोंड उघडलं. आणि नाही आलं. ते वाक्य पावसात गेलं होतं.

"माझं बोलून झालंय," मी म्हटलं. "जा. शेवटचं पान घेऊ."

मी वाचलं. 'कडी मीच लावली. तो बाहेर उभा होता. त्यानं दोनदा हाक मारली, आणि मी दाराला पाठ लावून ऐकत होते.' या वेळी मला काही करावं लागलं नाही. वाक्यं आपली आपण आली. शेवटचा शब्द झाला तरी बटण दाबलं गेलं नाही. काचेपलीकडे त्यानं हेडफोन काढून ठेवले, आणि तो सरळ मालकीणबाईंच्या खोलीत गेला. त्यांच्याकडे जा असं मी त्याला म्हटलं नव्हतं.

दार अर्धवट उघडं होतं. आधी त्याचा आवाज. मग बाई.

"वर्षभर! आणि मी बाहेरची का रे?" मग आवाज खाली आला. "बोलणं ऐकायला एक कान पुरतो. पुस्तकं तुझीच राहतील. पण वाद्यांना नाही पुरणार बाबा. रविवार मला दुसऱ्याकडे द्यावा लागेल."

तो बाहेर आला. आम्ही बसस्टॉपपर्यंत चालत आलो. ढग होते, पाऊस नव्हता.

"बरं वाटतंय?" मी विचारलं.

"नाही. हलकं वाटतंय. बरं नाही." थोडं थांबून म्हणाला, "सनईवाले सूर लावायचे ना, सगळे एकदम... ते आवडायचं मला."

अशा वेळी शहाणपणाचं बोलू नये, एवढं दवाखान्यात बसून शिकले होते. नुसती शेजारी उभी राहिले.

"काल तुम्ही काय म्हणालात ते—"

"नाही सांगणार."

"नका सांगू. मी माझं सांगतो. तुमच्याशी जुळलं तर जुळलं."

"सांगा."

त्यानं सुरुवात केली. म्हणजे श्वास घेतला. मग घड्याळ पाहिलं. मग समोरच्या दुकानाची पाटी वाचली. माझ्या प्रत्येक स्वल्पविरामाला नावं ठेवणारा माणूस, पण त्याला स्वतःचं एक वाक्य सुरू करता येईना! तेवढ्यात बस आली. वाट तरी किती बघायची? मी दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला.

"थांब."

मोठ्यानं नाही म्हणाला. पण मी जागच्या जागी थिजले. 'थांबा' नव्हे. इतके दिवस आमचं अहोजाहो चालू होतं, भांडणातसुद्धा. आणि आता एका कानाच्या माणसानं एक आख्खा काना गाळला होता. चुकून नाही. त्याचे कान लाल झाले होते, दोन्ही.

ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "ताई, येताय ना?"

"नाही," मी म्हटलं. "जा तुम्ही."

बस गेली. धूर विरला. रस्त्यावर आम्ही दोघंच राहिलो, असं काही नव्हतं, बरीच माणसं होती. मला दिसत नव्हती एवढंच.

"बोल," मी म्हटलं. "ऐकतेय."