पाठीला पाठ

पहिल्याच दिवशी दह्याच्या डब्याने शिराझची फजिती केली. काही केल्या यंत्र त्यावरचा कोड वाचेना. रांग वाढत चालली, एक बाई मोठमोठ्याने उसासे टाकू लागली, आणि तेवढ्यात अगदी पाठीमागून आवाज आला —

"डब्याला घाम आलाय. पूस आधी. मग स्वतःचा पूस."

तिने बाहीने डबा पुसला. टिंग! वळून आभार मानावेत, तर पुढची टोपली समोर येऊन आदळलेली. ट्युनिसच्या त्या सुपरमार्केटात गल्ले जोडीजोडीने होते. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, तोंड आपापल्या रांगेकडे. तिच्यापर्यंत पोचला तो फक्त जुईचा वास. मागच्याने कानावर फुलांचा तुरा खोवला असणार...

त्याचं नाव स्कंदर. सबंध उन्हाळा ते असेच बोलले, एकमेकांचं तोंड न बघता.

"माझ्यासमोर एक काका आलेत," तो कुजबुजायचा. "टोमॅटो, मिरच्या आणि नवी कढई. बायको माहेरी गेलीय."

"कायमची?"

"छे! कढई लहान घेतलीय. येईल परत."

शिराझला हसू आवरायचं नाही.

"तू हसलीस की तुझी खुर्ची कुरकुरते, माहितीये?"

"उद्याच तेल घालते."

"नको ना... मग मला कसं कळायचं?"

दाराशी पावत्या तपासणारा वजदी दोघांचाही दोस्त. तो त्यांची चेष्टा करायचा, "लग्नात तुम्हाला धरून समोरासमोर बसवावं लागेल रे. नाहीतर सवयीने पाठ फिरवाल!" शिराझ लाल व्हायची. स्कंदर घाईने पुढची टोपली ओढायचा. लग्न करण्याइतका पैसा कुणाकडेच नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

शरदात यंत्रं आली. गिऱ्हाइकाने स्वतःच माल दाखवायचा, स्वतःच पैसे भरायचे. व्यवस्थापक मुन्सिफ यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की प्रत्येक जोडीतलं एकच माणूस राहील, यंत्रांपाशी उभं राहायला. "बाया राहतील. त्या उलटून बोलत नाहीत."

शिराझ खरंच उलटून बोलली नाही. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, घर तिच्या एकटीच्या पगारावर. स्कंदरने गल्ल्याची किल्ली टेबलावर ठेवली, तिच्याकडे पाहून ओठाच्या कोपऱ्यातून हसला आणि निघून गेला. त्या हसण्याने तिचं काळीज चिरलं.

पुढच्या आठवड्यात एका यंत्रावर लाल दिवा लागला. ती धावली, तर समोर स्कंदर. हातात पावाची एकच लादी.

"काय झालं?"

"काही नाही. हे म्हणतंय, मदतनिसाची वाट बघा. मी बघतोय."

"मुद्दाम केलंस!"

"हो."

मग तो वरचेवर यायला लागला. कधी पाव, कधी एखादंच लिंबू, आणि दर वेळी दिवा लाल. पण कामाचं विचारलं की तो नजर चुकवायचा. चेहरा उतरत चालला होता, दाढी वाढली होती, कानावरची जुई कधीच गेली होती.

एका दुपारी बाहेर पाऊस कोसळत होता. तो निथळत आला आणि लिंबू न दाखवताच उभा राहिला.

"शिराझ, मी हरगा करतोय, चोरून समुद्र ओलांडतोय. नावेत जागा मिळालीय. समुद्र शांत झाला की इटली."

"जाऊ नकोस."

"राहून काय करू? एक कारण सांग."

"कारण..." मागे रांग खोळंबली होती.

"अगं पोरी, सांगून टाक ना एकदाचं!" एक म्हातारी करवादली. "माझं दूध नासायची वेळ आली!"

"कारण तू गेलास तर मी कुणाची वाट बघू?" शिराझ म्हणाली, आणि सगळ्यांसमोर रडू लागली. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, गाढवा. राहा."

त्याने लिंबू तिच्या हातात ठेवलं. मग हलकेच म्हणाला, "राहतो."

दारातून वजदीने सगळं ऐकलं. पावती टेकवली की आपोआप उघडणारं फाटक बसवून झालं होतं. महिनाअखेर त्यालाही घरी बसायचं होतं. स्कंदर बाहेर पडताना वजदीने त्याची बाही धरली.

"तू जात नाहीस ना? मग तुझी जागा मला दे."

"वेडा आहेस का? आईला काय सांगशील?"

"पोचल्यावर फोन करीन. दे रे... तुला थांबवायला कुणीतरी आहे. मला कोण आहे?"

स्कंदरने आधी नाही म्हटलं. वजदी रोज त्याच्या दारात येऊन बसू लागला. शेवटी स्कंदरने जागा दिली.

नाव किनाऱ्यापासून फार लांब गेलीच नाही. मासेमारांनी काही जणांना वाचवलं. वजदी त्यांच्यात नव्हता.

त्याच्या आईच्या घरी बायका एका खोलीत, पुरुष अंगणात बसले होते. शिराझ कोपऱ्यात मान खाली घालून बसली. तेवढ्यात स्कंदर उंबऱ्यापाशी आला आणि गुडघ्यांवर बसला.

"आई, ती जागा माझी होती. मीच त्याला दिली."

वजदीच्या आईने मान वर केली. ना शिवी, ना शाप.

"जाताना तो काही खाऊन गेला होता का रे?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही, आई."

तिने नुसती मान हलवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

रस्त्यावर आल्यावर दोघं बरोबरीने चालू लागले. लोक बघत होते. शिराझने त्याचा हात धरला, घट्ट.

"मी तुला राहा म्हणाले, त्याचं मला वाईट वाटत नाही, स्कंदर," ती म्हणाली. "आणि त्याचीच मला लाज वाटते."

"मलाही," तो म्हणाला.

त्याने हात सोडवला नाही. तिच्या वडिलांना लग्नाचं विचारायला ते दोघं तसेच तिच्या घराकडे वळले.