गादीतला सुरा

दाताचा डॉक्टर जुने सुरे जमवतो म्हटल्यावर लोक एक ठरावीक विनोद करतात, आणि प्रत्येकाला वाटतं की तो जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. डॉक्टर दर वेळी हसायचा. मनातून त्याला ते आवडायचंही. दात काढणारे पैशाला पासरी असतात, पण सुरेवाला डॉक्टर सगळ्या शहरात तो एकटाच होता.

रविवारची सकाळ सुऱ्यांची. मागच्या खोलीत काचेचं कपाट होतं. सुती हातमोजे घालून तो एकेक सुरा बाहेर काढायचा, मऊ फडक्यावर पातळ तेलाचा थेंब घेऊन पातं पुसायचा आणि परत ठेवायचा. उघडं बोट पात्याला लागलं तर घामाचा ठसा उमटतो आणि ठशाचा गंज होतो. चामड्याची म्यानं वेगळ्या खणात, कारण चामडं ओल धरतं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे घासायचं नाही. जुन्या पोलादावर वर्षानुवर्षं जी निळसर राखाडी छटा चढते तिला जाणकार पॅटिना म्हणतात. डॉक्टर साय म्हणायचा. गंज पातं खातो, साय पात्याला जपते. ती एकदा घासली की गेली, मग सुरा शंभर वर्षांचा असला तरी जाणकारांच्या लेखी तो कालचा पोर.

त्याच्याकडे नावाजलेले तीन होते. एक सैनिकाचा, खंदकातल्या लढाईचा सुरा. त्याच्या धारेला खाच होती, कारण सैनिकाच्या विधवेने पुढे आयुष्यभर त्याच सुऱ्याने पत्र्याचे डबे उघडले होते. दुसऱ्या, शिकारी सुऱ्याच्या मुठीवर कुत्र्याच्या दातांच्या खुणा होत्या. तिसरा घडीचा चाकू, धार लावून लावून त्याचं पातं निम्मं उरलेलं. घरी पाहुणे आले की डॉक्टर यातला एखादा काढायचा आणि गोष्ट सांगायचा. बायकोला सगळ्या गोष्टी पाठ होत्या, तरी ती बसून ऐकायची. डॉक्टर मधेच एखादा तपशील विसरला तर पुरवायची. त्याचं तिला काय वाटतं, हे डॉक्टरने कधी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच त्याला सुचलं नव्हतं.

मग त्याच्या साडूने सुरे जमवायला सुरुवात केली.

साडूचं गाद्यांचं दुकान होतं. देह गादीसारखाच ऐसपैस, आणि स्वभावही. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून तो मानाने मोठा, पण त्या मोठेपणाचं ओझं त्याने कधी कुणावर टाकलं नाही. हेच डॉक्टरला खुपायचं. माणूस थोडा तरी वाईट असावा, म्हणजे राग धरायला जागा मिळते. सुऱ्यांचा नाद साडूला डॉक्टरचं बघूनच लागला. पहिल्यांदा त्याने हौसेने जो खंजीर आणला तो कुठल्याशा नाटक कंपनीचा निघाला, पात्यावर रुपेरी रंग दिलेला. डॉक्टरने तासभर बसून त्याला अस्सल आणि नकली समजावून सांगितलं. त्या दिवशी त्याला साडूबद्दल फार माया वाटली होती.

पुढच्याच हिवाळ्यात साडूच्या दुकानात एक जुनी गादी मोडीत आली. कुणी आणून टाकली ते कामगारांना सांगता येईना. कापूस काढायला ती उसवली, तर आत, मधोमध, हा सुरा. दे रे हरी खाटल्यावरी म्हणतात ते आळशाला टोमणा म्हणून. इथे हरीने खरोखरच दिलं होतं, आणि तेही गादीत घालून.

साडू तो जुन्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. डॉक्टरने हातमोजे घातले, टॉवेल उलगडला आणि सुरा उजेडात धरला. शिकारीचा सुरा, वीतभर पात्याचा, हरणाच्या शिंगाची मूठ हाताळून हाताळून तुळतुळीत झालेली. आणि त्यावरची साय! कबुतराच्या मानेवर असतो तसा निळा, जांभळा, राखाडी रंग एकात एक मिसळलेला, टोकापासून मुठीपर्यंत कुठे खंड नाही. अशी साय डॉक्टरने फक्त पुस्तकांत पाहिली होती. जुन्या बाजारांच्या धुळीत त्याने उमेदीची वर्षं घालवली होती आणि त्याला हे मिळालं नव्हतं. या गादीवाल्याला घरबसल्या मिळालं होतं.

“बरा आहे का हो, डॉक्टर?” साडूने विचारलं. “मला त्यातलं काय कळतंय!”

“बरा आहे,” डॉक्टर म्हणाला.

त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते मग थांबलंच नाही. इतर संग्राहक आले तर कपाटापाशी पाच मिनिटं उभे राहत आणि हळूच विचारत, तुमच्या साडूंकडे एक सुरा आहे म्हणे. साडूच्या घरातल्या बैठकीत आता तोच सुरा निघायचा. त्याला गोष्ट अशी नव्हतीच, तरी लोक टक लावून बघत बसायचे. एकदा परत येताना बायको म्हणाली, “भाऊजींचा तो सुरा बघितला की नजरच हटत नाही रे.” ती सहज बोलली. डॉक्टरने गाडी चालवता चालवता ते वाक्य घरापर्यंत चघळलं, आणि पुढे कितीतरी दिवस.

उन्हाळ्यात साडूने घराच्या रंगाचं काम काढलं आणि रंगाचा वास नको म्हणून बायकोला घेऊन फिरायला निघाला. जाण्याआधी तो सुरा डॉक्टरकडे ठेवून गेला. तुमच्याशिवाय कुणाच्या हाती देणार, म्हणाला. डॉक्टरने सुरा कपाटात मधल्या फळीवर ठेवला. बाकीचे सगळे त्याच्यापुढे एकदम बापुडवाणे दिसायला लागले.

तीन-चार दिवस त्याने कसेबसे काढले. मग एका दुपारी, दवाखाना बंद असताना, तो सुरा बॅगेत घालून तिकडे गेला. दात चकचकीत करायची मोटर त्याने सुरू केली, तिच्या टोकाला रबरी कप बसवला, कपात पेस्ट भरली. पेशंटचे चहा-तंबाखूचे डाग काढताना तो जसा एकेक दात घेतो, तसंच त्याने पातं घेतलं, टोकापासून सुरुवात करून. मोटर गुणगुणत होती. कप फिरत गेला तशी साय काळपट पाण्यासारखी उतरत गेली आणि खालून पांढरं, कोरं पोलाद निघालं. पेस्टला पुदिन्याचा वास होता. पोटातलं दुखणं कितीतरी महिन्यांनी थांबलं होतं.

घरी बायकोने सुरा पाहिला. “अगं बाई, किती छान चमकतोय!” एवढं म्हणून ती थांबली, कारण इतकी वर्षं सुरेवाल्याच्या घरात काढून तिलाही नियम ठाऊक होता. “कुणी घासला?”

“तू,” डॉक्टर म्हणाला. “आवराआवर करताना भांड्यांच्या पावडरीने घासलास, असं सांगू. तुला त्यातलं काही कळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तुला कुणी बोलणार नाही.”

तिने सुरा परत टॉवेलात गुंडाळला. भांडली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे इतकी वर्षं तुझ्याबरोबर राहून मी काहीच शिकले नाही, असं सांगायचं,” ती म्हणाली. “बरं.”

ती आत निघून गेली. डॉक्टरला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुऱ्याच्या टोकाशी करडी झाक दिसली. घासलेलं पोलाद हवेने काळवंडतं, त्यात नवल नाही. डॉक्टरने तो परत दवाखान्यात नेला आणि परत घासला. त्याच्या पुढच्या सकाळी पात्याचा निम्मा भाग निळा झाला होता. अशी साय चढायला माणसाचा जन्म जातो. डॉक्टर शास्त्र शिकलेला माणूस. पेस्टमध्ये काहीतरी रसायन असणार, असं त्याने स्वतःला बजावलं. दुसऱ्या कंपनीची पेस्ट आणून तिसऱ्यांदा घासला.

रविवारी त्याने कपाट उघडलं. घडीच्या चाकूचं पातं चमकत होतं.

त्याने चाकू खिडकीपाशी नेला. साय नव्हती. पुढचं बघायला त्याला जरा वेळ लागला. धार लावून लावून निम्मं झालेलं पातं आता चांगलं रुंद होतं, पूर्ण, जसं कारखान्यातून निघालं असेल तसं. त्याने चाकू उघडला, मिटला. खटका नव्यासारखा कडक लागत होता.

त्याने बायकोला हाक मारली. ती ओले हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, “हाही घासलास?”

“मी नाही घासला. हा असा नव्हता. याचं पातं किती झिजलं होतं, आठवतंय ना तुला? तो... कुणाचा होता बरं हा?”

“मला विचारतोस? गोष्ट तुझी,” ती म्हणाली आणि गेली. खरं तर नेहमी तीच पुरवायची.

डॉक्टर खुर्चीत बसून आठवत राहिला. चाकू कुठून घेतला, कुणाकडून, त्या दिवशी बरोबर कोण होतं. पडलेल्या दाताच्या जागी जीभ पुन्हा पुन्हा जावी तसं त्याचं मन तिथे जात होतं, आणि तिथे काही नव्हतं.

त्यानंतर त्याने साडूच्या सुऱ्याला हात लावला नाही. तो वेगळ्या खोलीत ठेवला, मग माळ्यावर, मग गाडीच्या डिकीत. त्याने काही फरक पडला नाही. सैनिकाच्या सुऱ्याची खाच भरून आली. शिकारी सुऱ्याच्या मुठीवरून बोट फिरवलं तर ती गुळगुळीत लागली. हळूहळू कपाटातला प्रत्येक सुरा लखलखायला लागला. कुणी नुकतंच दुकान थाटावं, तसं ते कपाट दिसत होतं.

डॉक्टरने डिकी उघडून टॉवेल सोडला. साडूच्या सुऱ्याची साय आता जवळजवळ काळी होती. त्याच्या धारेला एक खाच होती. शिंगाच्या मुठीवर दातांच्या खुणा होत्या.

त्याच संध्याकाळी साडू आणि बायकोची थोरली बहीण परत आले, आणि तसेच सुरा न्यायला इकडे आले.

साडूने सुरा हातात घेतला. हातमोजे नाही, काही नाही. डॉक्टर त्याचा चेहरा न्याहाळत होता. आता विचारेल, ही खाच कसली. आता ओरडेल.

साडूने खाचेवरून अंगठा फिरवला आणि हसला.

“त्या बाईंनी डबे उघडून उघडून पार वाट लावली होती याची,” तो म्हणाला. “बिचाऱ्या. नवऱ्याची तेवढी एकच वस्तू होती त्यांच्याकडे. मला देताना रडल्या.”

“आणि तुम्ही परत द्यायला निघालात,” डॉक्टरची बायको म्हणाली. “भर उन्हात. मी जिन्यात उभी होते.”

“तू म्हणालीस, घ्या, त्यांना द्यायचाच आहे.”

“हो. म्हणाले होते.”

दोघं हसली. थोरली बहीणही हसली, ऐकलेली गोष्ट पुन्हा ऐकताना हसतात तशी.

तो मी होतो, असं डॉक्टरला म्हणायचं होतं. त्याने जिना आठवायचा प्रयत्न केला. ऊन आठवायचा प्रयत्न केला. तेव्हाची बायको, तिचा आवाज, तिच्या अंगावरचे कपडे. आत सगळं स्वच्छ होतं. कुठे डाग नव्हता, ओरखडा नव्हता.

“काय हो डॉक्टर,” साडू आपुलकीने म्हणाला, “कपाट बघितलं तुमचं. नवेच घेतलेत सगळे? चांगलंय. कुठून तरी सुरुवात करायलाच हवी.”

डॉक्टरची बायको चहा घेऊन आली.

ट्रेमध्ये पाहुण्यांचे दोन कप होते, पातळ चिनी मातीचे, बशीसकट. शेजारी एक जाड, कान तुटका मग होता. डॉक्टर रोज सकाळी त्यातूनच चहा प्यायचा.

तो मग तिने साडूपुढे ठेवला. त्याला काही विचारलं नाही. बोलता बोलता, न बघताच, त्याने तो तुटक्या कानाची बाजू सांभाळून उचलला.

एक कप तिने बहिणीला दिला.

दुसरा कप घेऊन ती डॉक्टरपुढे वाकली. साखरेच्या भांड्यातला चमचा तिने उचलला होता. चेहऱ्यावर राग नव्हता. ती पाहुण्यांकडे बघून हसतात तेवढंच हसली.

“तुम्हाला साखर किती लागते?” तिने विचारलं.

डॉक्टरने तोंड उघडलं. तिघंही शांतपणे त्याच्या उत्तराची वाट बघत होती, आणि त्याला ते आठवत नव्हतं.